खळ लावलेली पानं

सोमवार, ४ मार्च

वन्सं,

मायना काय लिहावा या विचारात दोन कागद फुकट गेले. 'तीर्थस्वरूप' लिहिलं तर तुम्ही हसाल, आणि 'प्रिय' लिहावं एवढी आपली ओळख नाही. ओळख कसली, आपण एकमेकींचं तोंडही पाहिलेलं नाही. मी तुमची भावजय. तुमच्या धाकट्या भावाशी लग्न करून मी या घरात आले तेव्हा तुम्ही घर सोडून गेला होतात. तुमचं नाव काढलं की घरातल्या माणसांना एकदम कामं आठवायची. आई पुसलेले डबे पुन्हा पुसायला घ्यायच्या आणि हे जिन्यातला दिवा लागतोय का ते बघायला जायचे. 'वन्सं' म्हणायला मात्र मला कुणाची परवानगी नको, ते नातं लग्नातच पदरात पडलं.

पत्राचं कारण सांगते. तुमच्या पहिल्या कादंबरीचं शेवटचं प्रकरण मला पाठवा, दुकानांत पुस्तक आता मिळत नाही. छापील प्रत नसेल तर हाताने लिहून पाठवा, त्रोटक लिहिलंत तरी चालेल. अगदीच कंटाळा असेल तर एका ओळीत खुनी कोण ते कळवा.

झालं असं. पुस्तक मला प्रार्थना मंडळाच्या कपाटात मिळालं, चिंतनाच्या पुस्तकांच्या मागच्या रांगेत, खाकी कव्हर घातलेलं. त्यातली ती म्हातारी, जिच्यावर अध्यक्षांच्या पाण्यात विष घातल्याचा आळ येतो, तिला अटक होते तिथवर पानं नीट होती. त्यापुढची सगळी पानं एकमेकांना खळ लावून चिकटवलेली! पुस्तकाचा अर्धा भाग विटेसारखा घट्ट. मंडळाचे चिटणीस बाइंडर आहेत हे तुम्हाला माहीतच आहे. काम चोख होतं, त्यांना नावं ठेवायला जागा नाही.

मी दुपारी किटली ठेवली, वाफ धरली आणि लोणी लावायची सुरी घेऊन बसले. आता माझी एक खोड सांगायला हवी. रहस्याचं पुस्तक हातात आलं की मी आधी शेवटचं पान वाचते. कोणी मारलं ते कळलं की जीव थंड होतो, मग पहिल्या पानापासून निवांत वाचायला मोकळी. हे म्हणतात, तू लग्नाच्या आधी माझंही शेवटचं पान वाचलं असतंस तर बरं झालं असतं. तर खोडीप्रमाणे मी पानं मागून सोडवायला घेतली. हात बसलेला नव्हता, वाफ जास्त झाली, सुरी भलतीकडे घुसली आणि तुमचं शेवटचं प्रकरण लगदा होऊन ओट्यावर पडलं. तेवढ्यात मला युक्ती जमली. त्याआधीची सगळी पानं मग अशी अलगद सुटली की चिटणीसांनी पाहिलं असतं तर कामावर ठेवलं असतं. 'अति घाई संकटात नेई' ही पाटी रस्त्यावर लावतात, ती स्वयंपाकघरात लावायला हवी.

आईंना यातलं काही माहीत नाही. हे आपल्या दोघींतच राहू द्या. त्यांची नजर हल्ली जराशी मंद झाली आहे, बाकी सगळं ठीक.

तुमची भावजय

ता. क. तुमच्या प्रकाशकांनी फोन नंबर द्यायला साफ नकार दिला, पत्ता मात्र दिला. माझ्या आवाजात काहीतरी रडवेलं असावं.

*

गुरुवार, १४ मार्च

वन्सं,

उत्तर नाही. राग आला असेल, पुस्तकाची वाट लावली म्हणून, किंवा आम्ही अजून जिवंत आहोत म्हणून. दोन्ही कारणं मला पटतात.

पण मी मागच्या पत्रात एक सरळ खोटं लिहिलं, ते मला सारखं टोचतंय. पुस्तक मला सापडलं नव्हतं. आईंनी मला आणायला पाठवलं होतं. आणि त्यांची नजर जराशी मंद झालेली नाही. उजव्या डोळ्याने काही दिसत नाही, डाव्याने माणूस आहे एवढं कळतं, कोण ते कळत नाही. डोळ्यांच्या मागे गाठ आहे. तिचा दाब नसेवर पडतोय. सत्तावीस तारखेला ऑपरेशन आहे. डॉक्टरीणबाई फार चांगल्या आहेत, गोड बोलत नाहीत. म्हणाल्या, "गाठ साधी आहे की वाईट ते काढल्यावर कळेल. नजर किती परत येईल ते त्यानंतर. आणि या वयात डोकं उघडायचं म्हणजे धोका आहे, तो मी लपवणार नाही." आईंनी विचारलं, "म्हणजे मी उठेनच असं नाही." त्या म्हणाल्या, "उठाल असं मला वाटतं." आई म्हणाल्या, "वाटतं, म्हणजे तुमचाही विश्वासच."

घरी आल्यावर त्यांनी मला शेजारी बसवलं. मंडळाच्या मासिकात त्यांचं 'चिंतन' येतं, ते अलीकडे मीच लिहून घेते, त्यामुळे मी कागद-पेन घेऊन बसले. तर म्हणाल्या, "ते ठेव. मंडळाच्या कपाटात मागच्या रांगेत तिचं पुस्तक आहे. आण आणि वाच."

"कुठून वाचू?"

"अटकेच्या पुढून. तिथवर मला पाठ आहे."

'तिचं' म्हणजे कुणाचं हे मला विचारावं लागलं नाही. इतक्या वर्षांत त्यांनी तुमचा पहिल्यांदा उल्लेख केला, तोसुद्धा सर्वनामात.

बाकीचं मी ह्यांच्याकडून काढून घेतलं. तुमचा भाऊ दिवसभर लिफ्ट दुरुस्त करतो, बोलतोही तसाच, दर मजल्यावर थांबत. त्यावरून मला कळलं ते असं. चुकलं असेल तर सांगा. मुलीचं पुस्तक छापून आलं म्हणून आईंनी ते कौतुकाने मंडळात नेलं. गुरुवारच्या वाचनात धर्मग्रंथासारखं तेही पाळीपाळीने मोठ्याने वाचायचं ठरलं. आणि मंडळाचा नियम तोच, की आजचं आज, पुढचं घरी वाचायचं नाही. पहिले काही गुरुवार सगळे खूश होते. मग हळूहळू लोकांच्या लक्षात आलं की अध्यक्षांचा ग्लास भरणारी ती म्हातारी म्हणजे मंडळात तेच काम करणाऱ्या आपल्याच आई. चष्म्याला गळ्यात दोरी, बोलायच्या आधी नाक ओढणं, रुमालाची सुरळी करणं, सगळं हुबेहूब. ज्या गुरुवारी तिला अटक झाली त्या गुरुवारी चिटणीसांनी पुस्तक मिटलं आणि "इथवर पुरे" म्हणाले. आई मान खाली घालून घरी आल्या. तुम्हाला म्हणाल्या, "साऱ्या मंडळासमोर मला खुनी केलंस." तुम्ही म्हणालात, "शेवटपर्यंत वाचा, मग बोला." त्या म्हणाल्या, "मला नाही वाचायचं." तुम्ही म्हणालात, "मग वाचाल तेव्हाच बोलू," आणि बॅग भरली.

सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात. इथे तर दोन सुंभ, आणि जळायला दोन्ही तयार नाहीत. तर आता त्या वाचताहेत, वन्सं. तुमची अट त्या पाळताहेत. आणि नेमका शेवट मी ओट्यावर सांडला आहे. माझी अवस्था तुमच्या लक्षात येते ना? सत्तावीसच्या आत पाठवा.

तुमची भावजय

*

मंगळवार, १९ मार्च

वन्सं,

तुमचं कार्ड मिळालं. "तिला विचारायचं असेल तर तिने विचारावं." एवढ्यासाठी तिकीट वाया घालवलंत!

मी तुमच्यापेक्षा लहान आहे आणि मोठ्यांना उलट बोलू नये हे मला शिकवलेलं आहे, पण ते शिकवणाऱ्यांना तुम्ही भेटला नव्हतात. आई विचारणार नाहीत. तुम्ही त्यांच्याच पोटच्या आहात, खाण तशी माती, तेव्हा तुम्हाला हे माझ्याहून चांगलं ठाऊक. त्यांनी पुस्तक आणायला सांगितलं हेच त्यांचं विचारणं होतं. तुम्ही रहस्यकथा लिहिता आणि एवढा सोपा पुरावा तुम्हाला दिसत नाही?

रोज दुपारी मी एक प्रकरण वाचते. आधी त्यांची प्रार्थना, मग तुमचा खून. हा क्रम त्यांनीच ठरवला आहे. त्या खिडकीशी खुर्चीत बसतात, डोळे मिटून, रुमालाची सुरळी करत. तुम्ही त्या म्हाताऱ्या बाईला सोडवायचं नावच घेत नाही! प्रत्येक प्रकरणात तिच्याविरुद्ध नवीन काहीतरी. तिच्या पिशवीत बाटली सापडते, मग ती कबूल करते की अध्यक्षांशी तिचं भांडण होतं, मग तो गोड बोलणारा डॉक्टर येऊन साक्ष देतो की विष चुकून पडणं शक्यच नाही. दर प्रकरण संपलं की आई म्हणतात, "अजून नाही सोडवलं मला हिने." मी म्हणते, "आई, ती तुम्ही नाही, ती पुस्तकातली बाई आहे." त्या म्हणतात, "नाक कोण ओढतंय मग?" आणि नाक ओढतात.

मला कोण खुनी वाटतो सांगू? बाइंडर. पुस्तकात बाइंडर नाही, तरीसुद्धा.

चेष्टा पुरे. काल त्यांनी मला विचारलं, "शेवटी ती फासावर जाते का गं?" मी म्हटलं, "मला माहीत नाही." हे उत्तर मी आयुष्यात पहिल्यांदा खरं दिलं असेल. त्या म्हणाल्या, "गेली असेल तर मला आधी सांगू नकोस. ऑपरेशनला जाताना ते डोक्यात नको." तुमच्या आईला त्या गाठीची नाही एवढी तुमच्या शेवटाची भीती वाटते आहे. मला तुमचा फार राग येतो, आणि त्याच वेळी वाटतं, असं लिहिता कसं येतं बाईला, की दोन बायका दुपारचा चहा विसरतात?

आता उरलेलं एकच प्रकरण आम्ही पुरवून पुरवून वाचतो आहोत. त्यापुढे लगदा.

तुमची (रागावलेली) भावजय

*

सोमवार, २५ मार्च

वन्सं,

पाकीट आलं! पोस्टमन जिन्यातच होता, मी चार पायऱ्या खाली धावत जाऊन त्याच्या हातातून ओढून घेतलं. त्याला वाटलं नोकरीचं पत्र असावं, म्हणाला, पेढे द्या.

आधी तुमच्या चिठ्ठीबद्दल. "आईच्या चिंतनातली वाक्यं दिवाळीपासून तुटक झाली आहेत, आणि 'परंतु'च्या जागी 'पण' येतंय. ती स्वतः लिहीत नाही, हे माझ्या लक्षात आलं होतं. कारण डोळे, हे तुझ्या पत्रातून कळलं." वन्सं! म्हणजे मंडळाचं ते पातळ मासिक तुम्ही दर महिन्याला घेता? इतकी वर्षं? आणि माझं 'पण' तुम्ही पकडलंत. मी खुर्चीत बसले आणि हसता हसता रडले, की रडता रडता हसले, ह्यांना विचारा, ते बघत उभे होते.

आईंना मी तुमची चिठ्ठी वाचून दाखवली. त्या म्हणाल्या, "मी म्हटलंच होतं, 'परंतु' लिही."

आता पाकीट. मी ते फोडणार तेवढ्यात त्यांनी हात पुढे केला. "दे." दिलं. त्यांनी ते चाचपलं, जाडी बघितली, नाकाशी नेलं. "मिटलेलं राहू दे," म्हणाल्या.

मी म्हटलं, "आई, परवा ऑपरेशन आहे. एवढी वाट बघितली ती कशासाठी?"

"वाचलं, आणि हिने मला सोडवलेलं निघालं, तर मी म्हणेन, चला, माझी मुलगी चांगली. नसेल सोडवलं तर म्हणेन, वाईट. हे तर चिटणीसही करतील. मी आई कशाला?"

"पण तुम्हाला भीती वाटत होती ना?"

"वाटतेच आहे. म्हणून तर. आजवर मी पुराव्यावर गेले. अर्ध्या पुस्तकाच्या पुराव्यावर. आता मला पुरावा नको. ती माझं वाईट करणार नाही, हे मी तिला ओळखते म्हणून म्हणणार." मग म्हणाल्या, "उठले तर वाचू. नाही उठले तर तू वाच, आणि तिला सांग, आईने पाकीट न फोडताच कबूल केलं."

मी स्वयंपाकघरात गेले आणि नळ सोडून उभी राहिले. नंतर त्यांनी मला हाक मारून चिंतन सांगितलं, पुढच्या अंकाचं. छापून यायच्या आधी तुम्हाला देते, तुम्ही दर महिन्याच्या वर्गणीदार आहात, एवढा हक्क आहे:

"माझी सून पुस्तकाचं शेवटचं पान आधी वाचते. मी तिला हसत असे, परंतु मीही तेच करत आले. देवाजवळ बसून दर वेळी मी शेवट काय ते विचारत होते आणि त्याला प्रार्थना म्हणत होते. ज्याला शेवट ठाऊक आहे त्याला विश्वासाची गरजच काय? विश्वास लागतो तो मधल्या पानांवर, जिथे सगळे पुरावे विरुद्ध असतात."

'परंतु' घातलं आहे, बघून घ्या.

ऑपरेशन बुधवारी सकाळी आहे. हॉस्पिटलचा पत्ता आणि फोन मागच्या बाजूला लिहिते. मी काही म्हणत नाही. नुसता लिहिते.

तुमची भावजय

*

बुधवार, २७ मार्च, हॉस्पिटल

वन्सं,

हे पत्र मी बाकड्यावर बसून गुडघ्यावर लिहिते आहे, अक्षर सांभाळून घ्या. त्यांना आत नेलं. जाताना त्यांनी चष्मा माझ्या गळ्यात घातला, दोरीसकट, आणि म्हणाल्या, "पाकीट कुठे आहे?" मी म्हटलं, पर्समध्ये. "फोडलंस तर मला कळेल." आता डोकं उघडलेल्या बाईला कसं कळेल ते मला माहीत नाही, पण कळेल याबद्दल शंका नाही.

हे इथल्या लिफ्टपाशी उभे आहेत. म्हणतात, दार एक क्षण उशिरा मिटतंय. कुणीतरी त्यांना सांगा की आज सुट्टी घेतली आहे. पण त्यांना कशाशी तरी झटायला हवं आहे, आणि लिफ्ट निदान त्यांचं ऐकते.

पाकीट पर्समध्ये आहे आणि पर्स मांडीवर. वन्सं, मी सिनेमालाही मध्यंतरात शेजारच्या माणसाला शेवट विचारणारी बाई आहे. आत्ता मला दोन शेवट हवे आहेत, एक पर्समधला आणि एक त्या दाराआडचा. पर्समधला माझ्या हातात आहे, निदान तो तरी कळावा असं वाटतं. दोनदा चेन उघडली. दोनदा लावली. दाराआडच्याचं नाही तर पर्समधल्याचं तरी, असं करायचं नाही म्हणून त्यांनी सांगितलं आहे. जीव असा टांगणीला लागला आहे की हात दुखायला लागले.

मध्येच चिटणीस आले. खाकी पिशवी छातीशी धरून, डोळे लाल. बसले, खाकरले, आईंची चौकशी केली. मग जरा वेळाने माझ्याकडे न बघता म्हणाले, "तुम्ही पानं सोडवलीत म्हणे."

"वाफेवर," मी म्हटलं. "खळ चांगली होती."

"चांगलीच वापरतो मी." मग म्हणाले, "पुढे... पुढे काय झालं हो त्या बाईचं?"

"तुम्हीच ना पानं चिकटवलीत?"

"मग काय करणार? पुस्तक माझ्या ताब्यात. नियम मीच केलेला, पुढचं वाचायचं नाही. आणि रोज दुकानात हात त्याच्याकडेच जायचा. मला स्वतःचा भरवसा वाटेना, म्हणून एके दिवशी खळ लावून टाकली." त्यांनी नाक पुसलं. "सगळ्यांनाच जाणून घ्यायचं आहे हो. मंडळात कुणीही त्या बाईला खुनी मानत नव्हतं. पण तुमच्या आई अशा तडकाफडकी उठून गेल्या की पुस्तक पुन्हा काढायचं कुणाला धैर्य झालं नाही. त्यांना दुखवायचं नव्हतं."

म्हणजे बघा. मंडळ गप्प बसलं कारण आई दुखावल्या होत्या, आणि आई दुखावल्या होत्या कारण मंडळ गप्प बसलं होतं. आणि मधल्या मध्ये तुम्ही घराबाहेर. सगळ्यांनी पुढचं पान उलटलं असतं तर! मला इतकं हसू आलं की पलीकडच्या बाकड्यावरच्या बाई उठून दुसरीकडे बसल्या.

दार उघडतंय. थांबा.

वन्सं, डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. टोपी काढत म्हणाल्या, "गाठ साधी होती. पूर्ण निघाली. शुद्धीवर येताहेत." एवढंच. मग माझ्या गळ्यातल्या चष्म्याकडे बघून म्हणाल्या, "हा त्यांचाच ना? सांभाळून ठेवा, लागेल असं दिसतंय."

जीव भांड्यात पडला, वन्सं. भांडं केवढं होतं ते आत्ता कळलं. ह्यांना सांगायला धावले तर हे लिफ्टच्या दारात उभे, दार ह्यांच्यावर आपटून परत उघडतंय, आणि हे लहान मुलासारखे रडताहेत. चिटणीस त्यांना धरून बाहेर ओढत होते.

आणि एक गोष्ट. काउंटरवरची नर्स मला म्हणाली, "सकाळपासून एक बाई सारख्या फोन करताहेत. नाव सांगत नाहीत. नातं विचारलं तर म्हणाल्या, मी त्यांची वाचक आहे." मी म्हटलं, पुढचा फोन आला की त्यांना सांगा, लेखिका ठीक आहेत.

पाकीट फोडलं नाही. हे मी कुठेतरी लिहून ठेवायला हवं, म्हणून इथे लिहिते.

तुमची भावजय

*

शनिवार, १३ एप्रिल

वन्सं,

पट्ट्या निघाल्या. उजवा डोळा येणार नाही, ते डॉक्टरीणबाईंनी आधीच सांगितलं होतं. डावा आला! पहिल्यांदा त्यांनी मला बघितलं तेव्हा म्हणाल्या, "बारीक झालीस." ह्यांना म्हणाल्या, "तू नाही झालास." मग भिंतीवरचं कॅलेंडर वाचलं, औषधाच्या बाटलीवरची बारीक अक्षरं वाचली, आणि हात पुढे केला.

मला वाटलं, आता मी वाचणार. पाकीट फोडून पहिला कागद हातात घेतला, घसाही साफ केला. तर म्हणाल्या, "इकडे दे. मी वाचणार."

वन्सं, हा अन्याय आहे. डॉक्टरीणबाईंनी त्यांना दिवसातून फक्त थोडा वेळ वाचायची परवानगी दिली आहे. त्या मनात वाचतात, ओठ हलवत, ओळीखाली बोट धरून, आणि वेळ झाली की कागद उशाखाली ठेवतात. "काय झालं?" विचारलं की म्हणतात, "आजचं आज." मी, जिने जन्मात कधी एका पानाची वाट बघितली नाही, ती कितीतरी दिवस त्या पलंगाच्या कडेला बसून एका बोटाकडे बघते आहे. मंगळवारी त्या एकदम म्हणाल्या, "अगं, मी घोट घेते की!" आणि बोट पुढच्या ओळीवर. मला वाटलं मला वेड लागेल.

आज संपलं. बोट शेवटच्या ओळीवर थांबलं आणि तिथेच राहिलं. नंतर त्यांनी कागद माझ्याकडे दिले आणि तोंड खिडकीकडे केलं, तेव्हा मी वाचलं.

खुनी तो डॉक्टर, तो गोड बोलणारा! मला बाइंडरची माफी मागायला हवी. आणि ती म्हातारी सुटली ती कशावरून, तर अध्यक्षांसमोर ग्लास ठेवता ठेवता, सगळ्यांदेखत, ती नेहमी स्वतः एक घोट पिऊन बघायची, पाणी ताजं आहे ना म्हणून. विष तिने घातलं असतं तर पहिली तीच मेली असती. साऱ्या सभागृहाने ते दर आठवड्याला बघितलं होतं आणि कुणाच्या लक्षात नव्हतं. आई मला म्हणाल्या, "हे मी करते. मला स्वतःला माहीत नव्हतं मी करते. हिने कधी बघितलं?"

मी म्हटलं, "लहानपणी. पहिल्या रांगेत बसून."

मग ते शेवटचं. तुरुंगाच्या दारात म्हातारीची मुलगी उभी आहे. म्हातारी म्हणते, तुला कधी कळलं मी नाही म्हणून? मुलगी म्हणते, "मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं." आणि पुस्तक संपतं. वन्सं, हे तुम्ही घर सोडायच्या आधी लिहिलं होतंत. छापून, कव्हर घालून, घरात आणून ठेवलं होतंत. आईंना फक्त पानं उलटायची होती.

त्या रडल्या. मीही रडले, हे सांगायला नकोच. मग त्यांनी नाक ओढलं आणि म्हणाल्या, "चष्म्याची दोरी काळी लिहिली आहे. माझी निळी आहे. पुढच्या आवृत्तीत बदलायला सांग." म्हणजे आता बऱ्या झाल्या.

येत्या गुरुवारी मंडळ अटकेपासून पुढे वाचायला घेणार आहे. सोडवलेली पानं आणि तुमचं शेवटचं प्रकरण चिटणीस पुन्हा बांधून देणार आहेत, त्यांना मी शेवट सांगायला गेले तर त्यांनी दोन्ही कानांवर हात ठेवले. म्हणाले, "गुरुवारी, मंडळात!" पहिल्या रांगेतली एक खुर्ची आईंनी राखून ठेवायला सांगितली आहे. कुणासाठी ते सांगितलं नाही, आणि कुणी विचारलंही नाही.

भरून नेलेली ती बॅग घेऊन या किंवा हात हलवत या, पण या. आई म्हणतात, पुस्तकात मुलगी दारात उभी होती, या वेळी दारात त्या उभ्या राहतील. मी म्हटलं, चक्कर येईल, बसून राहा. तर म्हणाल्या, "मग दारात खुर्ची टाक."

खालची ओळ त्यांनी स्वतः लिहिली आहे. अक्षर वाकडं आहे, पण दुसऱ्या कुणाचं नाही, तुम्ही ओळखालच.

तुमची भावजय

बाळ, मला पहिल्या दिवसापासून माहीत नव्हतं. फार उशिरा कळलं, परंतु शेवटचं पान वाचायच्या आधी कळलं. ये.

— आई